आज मी तिच्या शेजारून उठले

मैत्रिणींनो, आज ग्योतोकु भागातल्या आपल्या भजनात मी मध्येच जागा बदलली, ते काही जणींनी पाहिलंत. कारण सांगते.

माझी जपानी सून युको कोर्टात काम करते. न्यायाधीशांसाठी खटल्याचे कागद वाचायचे, जुने निकाल शोधायचे आणि टिपण लिहून द्यायचं. आपल्यातल्या एकीचा नवरा लेकीला घेऊन ओसाकाला गेला. लेक कोणाकडे राहणार, हा खटला युकोच्याच कोर्टात आहे, हे त्या मैत्रिणीनेच मागे आपल्या सगळ्यांना सांगितलं होतं.

आज आरतीआधी ती माझ्याजवळ येऊन बसली. हात धरून म्हणाली, "काकू, युकोला एक शब्द सांगा ना. लेक माझ्याकडे राहू दे. मी आई आहे हो तिची."

युकोने मला आधीच बजावलं होतं, "आई, त्या खटल्याचे कागद माझ्याकडे नकोत, असं मी साहेबांना सांगितलंय. तरी निकालापर्यंत त्या बाईंशी याबद्दल बोलू नका. उद्या कोणी म्हणेल, घरातून वशिला लावला. नुकसान त्यांचंच होईल."

पण जवळ बसले की ती बिचारी दुसरं काय बोलणार? मी हात सोडवला आणि मागे जाऊन बसले.

मी मॅट्रिक झालेली बाई. नियम बरोबर आहे, एवढं मलाही कळतं. तरी देवासमोर दुःखी माणसाचा हात सोडवला, म्हणून हे लिहायला बसले.

निकाल लागेपर्यंत मला तिच्याजवळ बसता येणार नाही. पुढच्या भजनाला तुमच्यापैकी कोण बसेल?