तापाला मुरलेले हात

इस्त्रीवाल्या मावशींचा सगळा जन्म गरम इस्त्रीपुढे गेला. तळहात असे मुरले होते की उकळतं पातेलं त्या फडक्याशिवाय उतरवायच्या. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे यजमान. तेही त्याच भट्टीतले. दोघांचे मिळून हात चार, पण चटका एकालाही बसायचा नाही. याचा दोघांना भारी अभिमान!

मावशींची केमो सुरू झाली तेव्हा नर्सने दोघांना समोर बसवून बजावलं. तोंड कडू लागलं तर स्टीलचा चमचा सोडा, लाकडी घ्या. मळमळलं तर गार झालेलं, थोडं थोडं खा. मऊ ब्रश वापरा. गर्दीत जाऊ नका. "आणि ताप शंभरावर गेला की गोळी घेऊन झोपायचं नाही. तडक इथे यायचं."

मावशींनी सगळं पाळलं. केस गेल्यावर यजमानांच्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "आता कुठे जोडा शोभतोय!" थर्मामीटर तेवढा डबीतच राहिला. यजमान म्हणाले, "हात आहेत ना घरचे."

त्या दुपारी मावशींना हुडहुडी भरली. यजमानांनी इस्त्री उभी ठेवली, कपाळाला हात लावला. "गार आहेस की!"

मावशींनी स्वतःचा गळा चाचपला. "गारच आहे. पण थंडी पार हाडात शिरलीय हो."

"एवढे शर्ट उरकतो, मग चहा टाकतो."

ते पुन्हा टेबलाशी गेले. पाठीमागे मावशींच्या अंगावरची चादर थरथरत होती. हळूहळू तीही थांबली. झोप लागली वाटतं, म्हणून त्यांनी पुढचा शर्ट ओढला.

संध्याकाळी लेक कामावरून आली. आईच्या कपाळाला हात लावला आणि इस्त्रीला लागल्यासारखा झटकन मागे घेतला.

"बाबा! अहो, आई भाजतेय नुसती!"

"काहीतरीच! मी बघितलं ना मघाशी."

डबी उघडली. पारा एकशे तीनवर. यजमानांचा हात गोळ्यांच्या पाकिटाकडे गेला.

"गोळी नको, बाबा. रिक्षा बघा!"

दवाखान्यात नर्सने आकडा पाहिला. नेहमीची हसरी बाई, पण हसली नाही. चाकांची खुर्ची तिने स्वतःच ओढली.

"ताप कधीपासून आहे?"

"दुपारी नव्हता," मावशी पुटपुटल्या. "ह्यांनी हात लावून बघितलं ना."

नर्सने यजमानांकडे पाहिलं. खुर्ची आत गेली, दार लागलं. ते बाकावर बसून आपले तळहात एकमेकांवर घासत राहिले. कसलीच ऊब कळत नव्हती.