मामांचा कान, माझा कार्बोरेटर

माझी टू-स्ट्रोक मोटारसायकल माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि बायकोच्या मते माझ्याहून जास्त लाडात वाढली आहे. जालन्याहून रोज बदनापूरला नोकरीवर जायचं, तर शहाण्या माणसानं रेल्वेनं जावं. मी मात्र गाडीच्या इंजिनाचे पोर्ट, म्हणजे हवा-धूर जायची भोकं, घासून मोठे करून घेतले, फुगीर सायलेन्सर बसवला आणि मग लक्षात आलं की हवा-पेट्रोल मिसळून देणारा जुना कार्बोरेटर आता या इंजिनाला पुरत नाही.

जालन्यातच मस्तगडात एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. घराणं मेंढपाळांचं. लहानपणी कळपातलं एखादं मेंढरू खोकलं की आपण मान न वळवता कुठलं ते सांगायचो, असं ते अभिमानानं सांगत. तोच कान त्यांनी पुढं इंजिनाला लावला.

मी चौतीस एमएमचा कार्बोरेटर मनात धरून गेलो होतो. मामा हसले. "तोंड मोठं केलं म्हणून भूक वाढत न्हाई. हळू चालीला त्यातून हवा ढिली जाती, पेट्रोल वर उचलत न्हाई. मंग बाजारात गाडी गचके देईन अन् तू मला शिव्या देशीन. अठ्ठावीसचा आण, बिलकुल बराबर बसतो."

मी अर्धा तास वाद घातला. वाद घालणं हा माझा स्वभाव आणि ऐकून घेणं हा त्यांचा. शेवटी अठ्ठावीसचाच आणला.

मामा कार्बोरेटर लावायला बसले की शेजारचा वेल्डिंगवाला आपणहून मशीन बंद करी. चहावाला ग्लास वाजू देत नसे. मामा डोळे मिटून हवेचा स्क्रू एक चतुर्थांश फिरवत, थांबत, पुन्हा थोडा मागे घेत. मग जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बदलून मला शहराबाहेर एक चक्कर मारायला लावत आणि परत आलो की प्लग काढून बघत. काथाच्या रंगाचा निघाला तर ठीक. काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की पिस्टनही कोरडा पडतो.

त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं, कारण आजकालचं पेट्रोल तळाला चिकटून बसतं. जेटच्या भोकात तार घालायची नाही, भोक मोठं होतं; पंपानं हवा मारायची. "अन् हवेचा डबा काढून उघडा फिल्टर लावायचा न्हाई. लावायचाच असंन तर आधी माझ्याकडं ये, त्यानं हवा जास्त घुसती, जेट बदलावं लागतं."

तिसरी गोष्ट मी चार महिने पाळली. मग एका ओळखीच्याच्या गाडीला उघडा फिल्टर पाहिला. त्याचा तो घुमणारा आवाज ऐकला आणि माझी अक्कल चरायला गेली. आणला आणि घरीच बसवला. मामांकडं गेलो नाही, कारण ते नको म्हणणार हे ठाऊक होतं. दोन दिवस मी राजा होतो. तिसऱ्या दिवशी बदनापूरच्या अलीकडं मागचं चाक एकदम करकचून थांबलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टन जाम झाला होता.

गाडी टेम्पोतून घरी आणली. आणि मी काय केलं, तर उघडा फिल्टर काढून माळ्यावर टाकला, जुना डबा जागेवर बसवला आणि मगच मामांकडं गेलो.

मामांनी प्लग काढला. पांढराफटक. "काही बदलल्तं का रे?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं बोललेला माणूस जरा जास्तच ओरडतो. वेल्डिंगवाला, दोन गिऱ्हाइकं, चहावाला, सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुम्हीच लावलंय ना मामा? वय झालं की ऐकू येत नाही, हे मान्य करायला शिका."

मामांनी इंजिन खोललं, सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणला, नवा पिस्टन स्वतःच्या हातानं बसवला. गाडी ताब्यात देताना मात्र म्हणाले, "कार्बोरेटर दुसऱ्याकडून लावून घे. मी ते काम सोडलं."

मला वाटलं, रुसले असतील, होतील नीट. उलट चोराच्या उलट्या बोंबा तशी माझीच चिडचिड चालू होती. सहा आठवडे गेले. एक दिवस क्लचची तार घ्यायला मामांच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा शहागडहून एक शेतकरी जुनी टू-स्ट्रोक घेऊन आला. इतक्या लांबून तो फक्त मामांच्या कानासाठी आला होता.

मामा हात पुसत म्हणाले, "दादा, माझा कान गेलाय. मागं एका पोराचं इंजिन माझ्यामुळं बसलं. तुमचं कशाला बसवू?"

वेल्डिंगवाल्याचं मशीन चालूच होतं. बंद करायचं काही कारणच उरलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की उठून पळून जावंसं वाटलं. पळालो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

"मामा, मी उघडा फिल्टर लावला होता," मी म्हणालो. आवाज मशीनमध्ये बुडाला, म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्याकडं यायच्या आधी काढून टाकला. तुमचं काही चुकलं नव्हतं."

वेल्डिंगवाल्यानं मला जी शिवी दिली ती योग्यच होती. मामा मात्र माझ्याकडं बघतच राहिले. रागाची वाट पाहत मी खाली मान घालून उभा होतो.

"म्हंजे मी बराबर ऐकल्तं?" त्यांनी विचारलं.

"एकदम बरोबर, मामा."

ते हळूच खाली बसले. "अन् मी सहा हप्ते झाले, घरी कुकरची शिट्टी झाली का म्हणून बायकोला विचारून राह्यलो."