लाल छत्री आणि निळ्या झग्यातली मुलगी

पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात मी पोळ्या लाटते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलं घरी जातात आणि कपाटातलं नको ते मागं टाकतात. ते सगळं आमच्या वाईच्या भंगारवाल्याकडं येतं. त्यात जपानी कार्टूनमधल्या पुतळ्या असतात. मुलं त्या कार्टूनला अ‍ॅनिमे म्हणतात. मोठाले डोळे, वाऱ्यानं उडाल्यासारखे केस, झग्याची एकेक चुणी कोरलेली. माझी मुलगी लहानपणी टीव्हीवर हे बघायची, आणि मी मागं तांदूळ निवडत बघायचे. ती लग्न होऊन गेली, माझं बघणं सुटलं नाही.

नव्या पुतळ्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत. भंगारवाला मात्र जुन्या पुतळ्या फुटक्या बादल्यांबरोबर तागडीत टाकून प्लॅस्टिकच्या भावात देतो. कुणाचा पाय मोडलेला, कुणाचं तोंड ऊन लागून पिवळं पडलेलं. मी त्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुते, मोडलेलं चिकटवते आणि शोकेसमध्ये मांडते. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पटत नाही. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये म्हणतात. या काही देवाच्या नव्हेत, एवढंच मी म्हणते.

एकदा भंगारातल्या खोक्याच्या तळाशी नुसती छत्री सापडली. करंगळीएवढी, लाल, काड्यांसकट. माहेरी आलेल्या माझ्या मुलीनं मोबाइलवर शोधून त्या छत्रीची पुतळी दाखवली. निळ्या झग्यातली मुलगी, एक पाय उचललेला, छत्रीखालून वर बघणारी. ही फार जुनी, आता बनवत नाहीत, असं माझी मुलगी म्हणाली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी तिच्यासाठी भंगार उपसलं.

ती मिळाली सांगलीच्या माझ्या धाकट्या जावेला.

जावेला हा नाद माझ्यामुळंच लागला. आमच्यात गौर एक साल आमच्याकडं वाईला, एक साल दिराकडं सांगलीला बसते. वाईच्या गौरीत मी आरासीला माझ्या पुतळ्या मांडल्या, बायकांनी नावाजल्या, आणि जाऊ बघून गेली. तिचा हात सैल आहे, आणि तिला बोलता येतं. फोनवर पुण्याच्या विकणाऱ्याला 'दादा, जरा समजून घ्या की' म्हणत ती जुन्या पुतळ्या खोक्यासकट मागवते. मला भंगारवाल्याशी बोलतानाही घाम फुटतो. बघता बघता पै-पाहुण्यांत तिच्याच पुतळ्यांचं नाव झालं. तिच्या साड्यांचा, घराचा मला कधी हेवा वाटला नाही. पुतळ्यांचा वाटला. पोळ्या लाटताना, जेवताना तो आत बसलेला असायचा.

यंदा गौर सांगलीला होती. त्याआधीच जावेनं निळ्या झग्यातल्या मुलीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. तिची मूठ रिकामी होती. मला फार बरं वाटलं.

निघताना छत्री रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. जावेला म्हणणार होते, छत्रीशिवाय ही अपुरीच आहे, तर मला दे आणि माझ्यातल्या दोन घे. एसटीत कराडपासून सांगलीपर्यंत मी हेच मनात घोकत होते.

हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. रिकाम्या हाताची मूर्ती आत्याबाईंना खपायची नाही, म्हणून जावेनं आरासीतल्या त्या पोरीच्या मुठीत पेटती उदबत्ती खोचली होती.

"बघा की, पोरगी गौरीपुढं उदबत्ती धरून हुबी ऱ्हायलीय," एक शेजारीण म्हणाली.

"आमच्या सुनंपेक्षा बरी. सांगायला लागत न्हाई," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

हे प्लॅस्टिक उन्हात ठेवलं तरी वाकतं. निखारा खाली सरकत होता. हात वितळला तर ती मला मिळूनही काय उपयोग, असं आधी वाटलं. मग तेही डोक्यातून गेलं, नुसती ती मूठ दिसायला लागली.

"उदबत्ती काढ ती," मी म्हणाले. आवाज मोठा आला. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या.

"का हो अक्का?" जाऊ म्हणाली.

"मूठ वितळंल."

"देवापुढची उदबत्ती मधी काढायची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "जळू दे."

मी काढली. मूठ सैल पडून बोटं उघडत चालली होती. विचार न करता मी रुमाल सोडला, छत्रीचा दांडा त्या मुठीत घातला आणि करंजीची कड दाबावी तशी ती बोटं हलकेच दाबून धरली. तव्यावरच्या पोळ्यांनी माझ्या हाताला चटक्याची सवय आहे. मूठ गार झाली तशी छत्री आत पक्की बसली. आता ओढली तर हातच मोडेल.

"ही कुठली?" जावेनं विचारलं.

"माझ्याकडं होती."

"आणि फोटो बघून एका शब्दानं बोलला नाहीत ते."

मी रुमालाची घडी घालायला लागले. शेजारीण म्हणाली, "छत्री थोरलीची, पोरगी धाकटीची. आता ठेवायची कुणी?"

"गौर कुणा एकीची हाय व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "गौरीसंगं हिबी फिरंल. पुढच्या साली वाईला."

जाऊ "बरं" म्हणाली आणि पानसुपारीचं तबक घेऊन आत गेली. कराडपासून घोकलेलं माझं वाक्य तसंच राहिलं.

घरी आल्यावर मी शोकेसची मधली जागा मोकळी केली. तिथं धूळ बसू देत नाही. परवा जावेनं फोटो पाठवला. पुतळी खिडकीत होती आणि छत्रीवर ऊन पडलं होतं. अशानं लाल रंग उडून जाईल. मी खूप वेळ विचार करून लिहिलं, 'सावलीत ठेव.'

तिचं उत्तर आलं, 'माझ्याकडे आहे तोवर मी बघते, अक्का.'

यात वावगं काही नाही. पण पोळ्या लाटताना तिचं ते 'माझ्याकडे' मला अजून टोचतं.