टोपीकाकांचं आधी आणि नंतर

आमच्या काकांना सगळी गल्ली टोपीकाका म्हणते, पण टोपीची हौस त्यांना कधीच नव्हती. ती त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या मावशीची करणी.

काका घड्याळं दुरुस्त करतात. दुकान एवढंसं. पुढे काकांचं टेबल, मागच्या खोलीत मावशीचा केशतेलाचा कारखाना. तेलाच्या बाटलीवर दोन फोटो. ‘आधी’च्या खाली काकांचं चकाकतं टक्कल, ‘नंतर’च्या खाली काकांच्याच कपाळावर रुळणारे दाट केस. दोन्ही फोटो अगदी खरे, फक्त क्रम उलटा! केसांचा फोटो काकांच्या तरुणपणीचा होता.

“मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही,” मावशी ठणकावून सांगायची. “आधी आणि नंतर, एवढंच लिहिलंय. कशाच्या आधी, ते लिहिलंय का?”

अशा बाईशी वाद घालण्यापेक्षा काकांनी टोपी घातली. गिऱ्हाइकाला टक्कल दिसता कामा नये, म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा लोकरीची, कानांवर ओढलेली. डोळ्याला भिंग लावून काका वाकले की टोपीखालून घामाचा थेंब निघायचा, नाकाच्या शेंड्यावर जरा विसावा घ्यायचा आणि नेमका उघड्या घड्याळात पडायचा. घड्याळं गंजून परत येऊ लागली. उभ्या जन्मात ज्यांनी घड्याळात धुळीचा कण जाऊ दिला नाही, त्यांचा धंदा असा घामात बुडताना बघून मला फार वाईट वाटायचं. मावशीचा रागही यायचा. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

बांधली एका फोटोग्राफरने. हातात आमचीच बाटली घेऊन तो तावातावाने दुकानात शिरला. तेव्हा बाकावर एक कंडक्टर आपल्या घड्याळाची वाट बघत बसला होता. डोक्यावर केस नाहीत, तेलाची पाचवी बाटली चालू, आणि खिशात आशेने ठेवलेला कंगवा.

“हा फोटो माझा आहे!” फोटोग्राफर ओरडला.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. “चेहरा आमच्या ह्यांचा, केस आमच्या ह्यांचे. तुमचं काय आहे त्यात?”

“काढला मी! माझ्या स्टुडिओच्या काचेत लावायला, फुकटात. तुम्हाला एक प्रत भेट दिली, ती घरात लावायला. बाटल्यांवर छापायला नाही. कॉपीराइट माझा आहे. माझं नाव छापा, नाहीतर वकील गाठतो.”

“पुरावा काय?”

इथे मावशीने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

“पुरावा? अहो, तुम्ही दुकान उघडलंत त्या दिवशीचा फोटो आहे हा! तुमची मुलगी तेव्हा रांगत होती. आता तिची मुलगी शाळेत जाते!”

कंडक्टर कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवू लागला. “थांबा हं. म्हणजे ‘नंतर’ आधी होतं, आणि ‘आधी’ नंतर झालं?”

तो ताडकन बाकावरून उठला.

“पाच बाटल्या चोळल्यात मी! ग्राहक मंचात खेचतो तुम्हाला!”

“अहो, येतात केस, येतात,” मावशी म्हणाली. “टोपीखाली आहेत. विचारा ह्यांना.”

काकांच्या नाकावर थेंब आला होता. खाली कंडक्टरचंच घड्याळ उघडं पडलं होतं. काकांनी एकदा थेंबाचा अंदाज घेतला, एकदा बायकोचा, आणि टोपी काढून त्या टोपीनेच तोंड पुसलं.

“ही स्वतः चोळते मला, रोज,” ते म्हणाले. “एक केस आला नाही. झोप मात्र छान लागते.”

“मग झोपेचं तेल म्हणून छापू!” मावशी लगेच म्हणाली.

“तेही सिद्ध करावं लागेल,” कंडक्टर म्हणाला.

शेवटी त्याचे पैसे परत गेले आणि लेबल बदललं. आता बाटलीवर लिहिलंय, ‘डोक्याला लावायचं तेल. याने केस येत नाहीत.’ वर त्याच फोटोग्राफरने काढलेला टकलाचा नवा फोटो, खाली त्याचं नाव, तेलाच्या नावापेक्षा ठळक. खप साफ बसला. घड्याळं मात्र गंजायची थांबली.

एका दुपारी काका नवं लेबल निरखत हळूच म्हणाले, “तुला मी केसांसकटच आवडत होतो ना? म्हणून तर तो फोटो लावलास.”

“डोंबल!” मावशी म्हणाली. “त्या फोटोत तोंड बघा, एरंडेल प्यायल्यासारखं. केस गेले तेव्हा कुठे हसायला लागलात.”

मग तिने तळहातावर तेल ओतलं आणि त्यांच्या टकलावर चोळायला घेतलं. “उगाच गैरसमज नको,” ती म्हणाली. “बाटल्या उरल्यात म्हणून.”