मेव्हण्याच्या बसवरची अंतराळी अक्षरं

त्या फॉन्टचा मला आजही राग येतो. स्वतःचा येतो त्याहून थोडा कमी, एवढंच.

गोव्यात साखळीला माझं फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान आहे. एक दिवस संगणकावर ही अक्षरं उतरवून घेतली आणि त्यांच्यापायी माझं डोकं फिरलं. वरची रेघ गायब. नुसती वर्तुळं आणि दांडे, जशी कंपासपेटी सांडलेली. अंतराळयानावर शोभली असती. साखळीत अंतराळयान नव्हतं, मेव्हण्याची बस होती.

बस साखळीहून मयेमार्गे पणजीला जाते आणि तो स्वतःच चालवतो. पाच मिनिटांनी मागून दुसऱ्याची बस येते. लोक ज्या बसला हात दाखवतील तिची भाडी, आणि त्याच भाड्यांवर त्याचं घर. पुढच्या काचेमागे बांधलेली पाटी जुनी, तांबड्या रंगाने हाताने रंगवलेली. मी म्हटलं, "काढ ती. या नव्या अक्षरांत करून देतो, माझ्याकडून भेट समज." त्याला नको होती. त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, डोळे वटारले म्हणून घेतली.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला. बसला नाही.

"भावजी, लोक हात दाखवीत नाहीत."

"नवीन आहे. सवय होईल."

"कंडक्टर दारात लटकून 'पणजी, पणजी' बोंबलतो. त्याचा गळा बसला. म्हातारी विचारते, 'रे, ही खंय वता?' कुठे जाते ते सांगेपर्यंत मागची बस येते आणि तिला घेऊन जाते."

"मयेवाल्यांना डिझाइन कळत नाही," मी म्हणालो. मये ही माझी सासुरवाडी.

तो हसला नाही. "उद्या आठ वाजता मयेच्या थांब्यावर उभे राहा. तुमी तरी हात दाखवा."

राहिलो. ही अक्षरं मी पडद्याला नाक लावून पसंत केली होती. धावत्या बसवर, उन्हाने चमकणाऱ्या काचेमागे ती कशी दिसतात, हे बघायला कधी दुकानाबाहेर पडलो नव्हतो. एक बस आली. काचेत काही गोल, काही काठ्या. असेल कुणा खाणवाल्याची, कामगार नेणारी, म्हणून मी खिशातला हात खिशातच ठेवला. बस हळू झाली. स्टिअरिंगमागून मेव्हणा माझ्याकडे बघत होता, मेलेल्या माणसाकडे बघावं तसा. मग गेला. मागच्या बसची पाटी लांबून दिसली आणि तिला मी, देवाशपथ, हात दाखवला.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी पाकीट काढलं तर तिथल्या कंडक्टरने मला ओळखून हात जोडले. "तुमचं तिकीट नको, पात्रांव. मालकाकडून कोण पैसे घेतो? ही गर्दी तुमच्याच कृपेची."

अख्खी बस हसली. त्यात माझी चुलतसासूही होती.

जुनी पाटी माझ्याच दुकानात होती, पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याला टेकवलेली. संध्याकाळी पुसून बसमध्ये बांधायला गेलो. मेव्हण्याने दोरी माझ्या हातातून ओढून घेतली.

"तुमी हात लावू नका," म्हणाला, आणि स्वतःच गाठ मारत बसला.