बिनस्प्रिंगची सहाचाकी

हसायचं असेल तर चहा संपायच्या आत हसून घ्या. कारण पुढे पुढे हा किस्सा मलाच हसू देत नाही. एका माणसाचा आख्खा डोंगर मी घालवला हो! आणि कशानं? हवेनं!

डिचोलीच्या खाणीवर मी वीस-बावीस वर्षं डंपर दुरुस्त केले. खाण बंद पडली आणि कारापूरला घरी येऊन बसलो. तेव्हापासून मला कोणी काही विचारलं नाही. घरचा मिक्सर बिघडला तर बायको तो पिशवीत घालून साखळीच्या बाजारात नेते! घरात मेकॅनिक बसलाय, आणि मिक्सर साखळीला!

अशात इब्रामपूरहून सुमाताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. तिच्या यजमानांचं, वसंतभावोजींचं, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डोंगर चढायला बंदी. आणि त्यांचा जीव तर त्यांच्या डोंगरावरच्या काजूंत.

"दत्ता, ती सहा चाकांची गाडी मेळता म्हणे, डोंगर चढणारी. तुका त्यातला कळता. बघ मरे. ह्या हंगामाक वर जावंक मेळूक नाय तर काजी विकून टाकतले म्हणतत."

तुका त्यातला कळता! हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवत होतो.

दुकानात दोन गाड्या. एकीला प्रत्येक चाकाला वेगळी स्प्रिंग, वेगळा शॉक अब्जॉर्बर, आणि ताकद शाफ्टनं जाते. दुसरीला स्प्रिंगच नाही. चेनवर सहाही चाकं फिरतात. वळायचं तर हँडल ओढून एका बाजूची चाकं रोखायची, की गाडी जागच्या जागी फिरते.

मी लगेच दुसरीवर हात ठेवला. डंपरच्या तुटलेल्या स्प्रिंगा बदलण्यात माझं तारुण्य गेलंय. जी स्प्रिंग नाहीच, ती तुटेल कशी? आणि चेन काय, मी डोळे मिटून जोडीन.

विकणाऱ्यानं टायर अंगठ्यानं दाबून दाखवला. "दादा, हिचे टायर हेच हिचे स्प्रिंग. हवा अगदी कमी ठेवायची. पुस्तकात लिहिलंय तेवढीच."

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. मऊ टायरची गाडी मी खाणीतून बाहेर सोडली असती, तर साहेबानं मलाच चाकाला बांधलं असतं! पुस्तक सीटखाली टाकलं आणि येता येता पंक्चरवाल्याकडे सहाही टायर भरून घेतले. बोटानं वाजवून पाहिले. टणटण!

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी न्हाऊन, धुवट शर्ट घालून तयार. कित्येक महिन्यांनी डोंगर बघणार होते. ताईनं पाठीला उशी लावली. मी हँडल धरलं.

जांभ्या दगडाची वाट. पहिल्याच दगडावर आम्ही दोघं हवेत!

"भावोजी, लागलं?"

"नाय रे. चल."

मी उतरलो. चेन ढिली असणार. घट्ट केली. पुढे निघालो, आणखी जोरात आपटलो.

आता माझ्यातला डंपर जागा झाला. रिकामा डंपर उडतो, भरलेला शांत चालतो. बरोबर की नाही? वाटेच्या कडेला चिरे रचले होते, ते मागे भरले. वजनानं टायर जरासे बसले. मला ते पाहवेना! हातपंप काढून पुन्हा हवा भरली.

"आता बघा, भावोजी!"

"तुका कळता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आनंदानं.

तिसऱ्या वळणावर गाडी आपटली आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. बस्स. पहिलं काजूचं झाड अजून दिसायचं होतं. चार शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत घालून खाली आणलं.

ताईनं टायर अंगठ्यानं दाबला. "दत्ता, ह्यो दगड कित्या केलंस रे?"

भावोजींना मी विचारलं, "सांगितलं का नाही?"

"तू इतक्या दिवसांनी खुशीत दिसलंस," ते म्हणाले. "म्हटलं, सोसूया."

त्या क्षणी जमिनीत गडप व्हावं, असं मला वाटलं.

भावोजी दोन महिने अंथरुणावर. हंगाम गेला. त्यांनी डोंगर विकला, आणि सोबत गाडीही. घेणारे फोंड्याचे गृहस्थ. त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं? सीटखालचं पुस्तक वाचलं आणि हवा सोडली.

पुढच्या हंगामात मी इब्रामपूरला गेलो होतो. ते गृहस्थ गाडी घेऊन दारात आले. "काय मऊ चालते हो! निवड कोणाची?"

भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "माका एकदा वर व्हरशात?"

गेले. ताई आणि मी पायरीवर बसून राहिलो. गाडी त्याच दगडांवरून पाळण्यासारखी डुलत वर गेली. तासाभरानं भावोजी परत आले, स्वतःच्या पायांनी उतरले. हातात एक पिकलेलं काजूचं बोंडू होतं. आता लोकाच्या झाडाचं.

ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं, खायला दिलं. मी तोंडाकडे नेलं.

"खाव नको," ते म्हणाले. "अंगठ्यान दाब."

मी दाबलं. मऊ, रसरशीत.

"इतकीच हवा होयी हुती, दत्ता."