शेवटपर्यंत, मंजूर

आमच्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये सिनेमा दाखवतात, आणि मध्यंतराला त्याच्यावर मतदान होतं. हा नियम चेअरमनसाहेबांनी काढला. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला आवडलं नाही तर दुसरा माल दाखवायचा, हीच रीत त्यांनी हॉलमध्ये आणली. 'बदला' म्हणणारे हात जास्त निघाले की सिनेमा तिथेच बंद आणि दुसरा सुरू. इथे बेव्हर्ली पार्कात राहायला आल्यापासून मी असे कितीतरी सिनेमे अर्धे पाहिलेत. त्यातले बहुतेक माझ्या निवडीचे होते, आणि त्याचा मला अजून राग आहे.

या वेळी मात्र हरून चालणार नव्हतं, कारण सिनेमा बाबांसाठी होता. माझे वडील पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोकणात गावी राहिले. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना इथे आणलं. इथे त्यांची कुणाशी ओळख अशी झालीच नाही. तरुणपणी त्यांच्या छावणीत एकदा पडदा लावून एक जुना कृष्णधवल सिनेमा दाखवला होता. टेकडीवर अडकून पडलेले पायदळाचे आठ जवान आणि त्यांची बोलणी. सिनेमा अर्ध्यावर आला आणि पलटणीला निघायचा हुकूम आला. शेवट राहिला तो राहिलाच. बाबा नावही विसरले होते, फक्त त्यात एक जण सारखे मोजे वाळत घालतो एवढं सांगायचे. तेवढ्या धाग्यावरून मी तो शोधून काढला. "चला, घरीच मोबाइलवर बघू," म्हटलं तर म्हणाले, "एकट्यानं नाय बघायचा. सगळ्यांत बसून बघायला घेतला होता, तसाच संपवायचा."

म्हणजे मला नुसता सिनेमा नको होता. तो शेवटपर्यंत बघणारी माणसं हवी होती, आणि तीही आमच्या सोसायटीतली.

पहिल्या अर्ध्या तासात एकही गोळी सुटली नाही. जवान बोलत होते. भाकरीबद्दल, बायकोच्या पत्राबद्दल, बुटातल्या खड्याबद्दल. माझ्या मागे मतं सुरू झाली. दादरहून इथे आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे रेडिओवर लावलं असतंस तरी चाललं असतं. मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं असतं." बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीने डबल स्पीडवर लावता येईल का असं विचारलं. चेअरमनसाहेबांना तर राहवेना. "मॅडम, ये लोग लडेंगे कब? इतना तो हमारी जनरल बॉडी में भी कोई नहीं बोलता."

बाबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते. त्यांचे कान शाबूत आहेत. त्यांना सगळं ऐकू जात होतं, पण त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि रडू यायला लागलं की मी भांडते.

मध्यंतराला समोसे आले. आता मतदान. निकाल चेहऱ्यांवर लिहिलेला होता. तेवढ्यात चेअरमनसाहेबांचंच ते वाक्य मला आठवलं. आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव काय वाचला जातोय हे कुणी ऐकत नाही. खाणं आलं की सगळे 'मंजूर' म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी दुपारची लिफ्ट बंद ठेवायचा ठराव सातव्या मजल्यावरच्यांनीसुद्धा मंजूर केला होता.

मी उभी राहिले आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "ठराव. चालू सिनेमा शेवटपर्यंत पूर्ण दाखवण्यात यावा. सूचक मी. अनुमोदक?"

काकूंनी चटणी मागायला हात वर केला होता. मी तो अनुमोदनात धरला.

"मंजूर?"

"मंजूर," सगळा हॉल समोशासकट म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज चेअरमनसाहेबांचा होता. दोन घास गेल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मॅडम, ये तो चीटिंग है," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग नोटीस काढा, विशेष सभा बोलवा." ते हसले आणि खुर्चीत बसले. नोकरीत प्रमोशन मिळालं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने काकू कुरकुरल्या, "पण हा मेला सारखे मोजे का वाळवतोय?"

बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "पाय भिजला की सडतो. पाय गेला की पायदळातला माणूस गेला. बंदूक नंतर."

दोन वर्षांत त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. जरा वेळाने चेअरमनसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, सच में इतनी बातें करते थे?"

"और क्या करेगा साहब? लडाई घंटे भर की. बाकी दिन बैठे रहो. चुप बैठो तो घर याद आता है."

मग हॉलचा नूरच बदलला. खालच्या झऱ्यावर पाणी आणायला जावं की थांबावं यावर जवानांचं भांडण जुंपलं, तसे आमच्यातही दोन तट पडले. काकू जाणाऱ्यांच्या बाजूच्या, चेअरमनसाहेब थांबणाऱ्यांच्या. डबल स्पीड मागणारी मुलगी दोघांनाही गप्प बसा म्हणाली.

शेवटी पहाटेच्या धुक्यातून जवान एकेक करून टेकडी उतरले. दिवे लागले तरी कुणी उठेना.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "त्याला लाव." तो म्हणजे त्यांच्या तुकडीतला, आता मराठवाड्यात गावी असलेला जोडीदार. फोन लागेपर्यंत बाबा हॉलकडे वळून बोलले. "आम्ही पण आठच होतो. पिक्चर तुटला, ट्रकात बसलो आणि शेवट काय असेल त्यावर भांडलो. मी म्हणलो, सगळे परत येतात. सातीजण मला हसले. मग आम्ही पुढं गेलो आणि पाचजण परत आलो. आता मी आणि तो."

फोन उचलला गेला. मी तो स्पीकरवर टाकला.

"अरे, तो टेकडीवरचा पिक्चर," बाबा म्हणाले. "आज संपला."

"काय झालं रं शेवटाला?"

"मी म्हणलो होतो तेच. सगळे परत आले."

पलीकडून हळूच, "सगळे?"

"सगळे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "आठच्या आठ. मी मोजून घेतले."